मागच्या चाकांचे ब्रेक कोणी खाल्ले?

सेवेत हाताळलेली मोठमोठी प्रकरणे आता अंधूक होत चालली आहेत. परंतु पिकअपच्या ब्रेकची ‘चोरी’ मात्र तपशिलासकट स्मरणात राहिली आहे. त्या वेळी हिंगोली जिल्ह्यातील एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावे देत नाही, कारण संबंधित मंडळी हयात आहेत आणि आता त्यांचे एकमेकांकडे चांगले जाणे-येणे आहे.

सकाळची हजेरी आटोपत असतानाच साखऱ्याकडील एक शेतकरी तावातावाने आत आला. हळदीची पोती हिंगोलीच्या बाजारात नेण्यासाठी त्याने मोठी डिझेल पिकअप घेतली होती आणि ती तो स्वतःच चालवीत असे. त्याचे म्हणणे असे की, चार महिन्यांपूर्वी फाट्यावरच्या मिस्त्रीकडून त्याने चारही चाकांचे ब्रेक नवे बसवून घेतले. आता दुसरीकडे चाके उघडली, तर मागचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, झिजून पत्र्याला टेकलेले. अर्थात मिस्त्रीने नवा माल दाखवून जुना बसविला होता.

“दोन साल चालनारी वस्तू चार महिन्यांत जाते का साहेब? चोर हाये तो. आजच आत घ्या.”

“आणखी काही तक्रार?”

“डिझेल बी जास्त खाऊन राहिली गाडी. पंपवाला माप मारतो. अन् मागची चाकं तापतेत. टायरवाल्यानं बी हलका माल देल्ला.”

एकाच माणसाला एकाच हंगामात तीन चोर भेटले, तर तपासाची सुरुवात चोरांपासून नव्हे, त्या माणसापासून करावी, असा माझा अनुभव आहे. मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि स्टेशन डायरीत नोंद घेतली. मात्र हा गृहस्थ ठाण्यात येण्यापूर्वीच भर आठवडी बाजारात मिस्त्रीला चोर म्हणून मोकळा झाला होता. शिवाय त्याच्या ओळखीच्या एका पुढाऱ्याचे मला दिवसातून दोन फोन येत. दोन्ही वेळा प्रश्न एकच: “उचलला का?”

दुसऱ्या दिवशी निनावी खबर मिळाली. मिस्त्रीने लायनर पोत्यात भरून ठेवले असून तो ते हलविण्याच्या बेतात आहे, असे कोणीतरी कळविले. दोन पंच आणि एक हवालदार घेऊन मी गॅरेजवर गेलो. बाकाखाली खरोखरच पोते होते. ते उलटे केले, तेव्हा तीसेक झिजलेले लायनर बाहेर पडले. प्रत्येक जोडी तारेने बांधलेली. तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक, बसविल्याची आणि काढल्याची तारीख. आमच्या हवालदारांनी पंचनाम्यात लिहिले: “अर्धचंद्राकृती, काळपट, कोणत्याही उपयोगाच्या न दिसणाऱ्या वस्तू.”

“हे कशासाठी साठविले?” मी विचारले.

मिस्त्री पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, शांत माणूस. तो म्हणाला, “गिऱ्हाईक म्हनतं, जुना चांगलाच होता, उगंच बदलला. त्याला दाखवायला ठेवतो साहेब. साल झालं की भंगारात.”

त्याच ढिगात तक्रारदाराची आधीची जोडी सापडली. ती याच मिस्त्रीने बसविली होती आणि दोन वर्षांहून अधिक चालली होती. म्हणजे माणूस तोच, गाडी तीच, माल तोच. टिकाऊपणा मात्र एकाएकी संपला होता.

पंचनाम्यावर सही करताना मिस्त्रीचा हात थांबला. “चार दिवस झाले साहेब, एक गाडी न्हाई आली. काल एकाची गाडी बंद पडली, तर ढकलत माझ्यासमोरून घेऊन गेला, पन इथं थांबला न्हाई. उद्या तुमी मला जीपमधी बसवलं, की हे शटर काही पुन्हा उघडत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दोघांनाही समोरासमोर बसविले. वर्गात विचारावा तसा मी सरळ प्रश्न विचारला, “पिकअपचा ब्रेक किती टिकतो?”

“दोन साल,” तक्रारदार म्हणाला.

“माझ्या मेव्हण्याचा तीन साल टिकला, साहेब,” हवालदार मध्येच बोलले. “पण त्याची गाडी दारातच उभी असते.”

मिस्त्रीने घाई केली नाही. “भार किती, उताराला गाडी गिअरमधी उतरवता का ब्रेक दाबत, त्याच्यावर असतंय. पन एक सांगा साहेब, पुढचे पॅड पाहिले का?”

मी गाडी अंगणात आणवून चाके काढविली. पुढचे पॅड जवळजवळ नवे होते. मिस्त्री म्हणाला, “ब्रेक दाबला की जास्त जोर पुढच्या चाकांवर येतो. पयले पुढचे झिजाया पाह्यजेत. इथं पुढचे शाबूत अन् मागचे खल्लास. अन् मी चोर असतो, तर पुढचे पॅड जुने घातले असते, पाच मिनटांचं काम. मागचा ड्रम खोलायला घाम निघतो. चोरानं अवघड काम काहून करावं?”

“मग मागचे कशाने गेले?”

“फक्त मागच्या चाकांना धरनारी एकच वस्तू हाये. हँडब्रेक. कोनीतरी तो ओढून गाडी चालवून राहिलं.”

तक्रारदार उसळला. “मी काय येडा हाये का रे? हँडब्रेक लावून हिंगोलीला जाईन?”

“हँडब्रेक ओढला तर समोर लाल दिवा लागतो,” मी म्हणालो. “तो लागतो का?”

तो किंचित अडखळला. “लागतो, विझतो. वायरिंगचा फॉल्ट हाये. डोळ्यात खुपायचा, म्हणून त्याच्यावर नागनाथाचं स्टिकर लावलं.”

म्हणजे या प्रकरणातील एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या तोंडावर फिर्यादीनेच पट्टी लावली होती. मी स्टिकर जपून काढायला लावले, मिस्त्रीकडून मागे नवे लायनर बसवून घेतले आणि घटनेची पुनरावृत्ती करायचे ठरविले. बाजारच्या दिवसाइतकी पोती भरायची, रस्ता तोच घ्यायचा, आणि नेहमी बसतात त्यांनी नेहमीच्या जागी बसायचे.

“नेहमी सोबत कोण असते?”

“कोनी न्हाई. फक्त आमचे अण्णा.”

अण्णा म्हणजे त्याचे वडील. वय पंचाहत्तरीपुढचे, ताठ, मितभाषी. चार महिन्यांपूर्वी घरची बैलजोडी विकली, तेव्हापासून ते प्रत्येक खेपेला गाडीत असत. ते मुलाच्या शेजारी मधल्या जागी बसले, उपरण्याची घडी मोडून त्यांनी ते मांडीवर पसरले. मी खिडकीशी बसलो. हवालदार मागे पोत्यांवर.

सपाट रस्त्यावर दिवा विझलेला होता. मुलाने वेग घेतला आणि दिवा लागला. वेग कमी झाला, विझला. पुढे उतार आला, तेव्हा तो लागला तो विझेचना. मी दिव्यावरून नजर हळूहळू खाली आणली. अण्णांचे उपरणे मांडीच्या उजव्या अंगाला लहानशा तंबूसारखे उभे राहिले होते.

इतक्यात मागून हवालदारांनी टपावर थापा मारल्या. “साहेब! काहीतरी जळून राहिलं!”

गाडी थांबविली. मी उपरणे उचलले. अण्णांची मूठ हँडब्रेकवर घट्ट बसलेली होती.

“अण्णा!” मुलगा किंचाळला. “हे काय करून राहिले तुमी?”

अण्णा अजिबात दचकले नाहीत. “आवरून धरून राहिलो. तुला येग आवरतो का? चार महिने झाले, एक तरी अपघात झाला का? कोनामुळं?”

हवालदार खाली उतरून कागद पुढे करीत म्हणाले, “साहेब, आरोपी म्हणून कोणाचं नाव लिहू?”

मी अण्णांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितले की, चालत्या गाडीत तो दांडा ओढणे धोक्याचे आहे, त्याने लायनर जळतात आणि ऐन वेळी खरा ब्रेकच लागत नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “बैलगाडीत कासरा हातात असायचा, साहेब. इथं हातात काहीच न्हाई अन् गाडी पळून राहिली. जीव घाबरा होतो. मग मी काय धरू?”

मी गाडी ठाण्याकडे वळवायला सांगितली.

ठाण्यात परत येताच मुलाने तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज लिहून दिला. मान खाली होती. पुढाऱ्याचा फोन आला, तर तो त्याने स्वतःच घेतला आणि “चुकून झालं, दादा” म्हणून ठेवला. प्रकरण निकाली काढायला मी लेखणी उचलली, तेव्हा ठाण्यातच थांबलेला मिस्त्री म्हणाला, “साहेब, चोर म्हनले बाजारात, अन् माघार तुमच्या कपाटात?”

त्याचे म्हणणे रास्त होते. पण कोणाला भर बाजारात माघार घ्यायला लावण्याचे कलम कायद्यात नाही. उठले ते अण्णा. “बाजारात मी बोलतो,” ते म्हणाले.

आठवडी बाजाराला मी बंदोबस्तावर होतो. ऐन गर्दीत अण्णा पिकअपच्या हौद्यात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “ऐका! फाट्यावरचा मिस्त्री चोर न्हाई. बिरेक मी खाल्ले!”

“अण्णा, दात कुठं हायेत तुमाला?” गर्दीतून कोणीतरी ओरडले.

हशा पिकला. अण्णांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग हँडब्रेकची सारी हकीकत, उपरण्यासह, सांगितली. दुपारी मी फाट्यावरून गेलो, तेव्हा गॅरेजपुढे दोन गाड्या उभ्या होत्या.

वस्तू लवकर झिजली की आपण ती विकणाऱ्याकडे आणि बसविणाऱ्याकडे बोट दाखवितो; ती रोज कोणाच्या हाताखाली असते, हे विचारायचे राहून जाते. या प्रकरणानंतर कोणत्याही चौकशीत मी हा प्रश्न पहिला विचारू लागलो. शिवाय, नुकसान करणारा प्रत्येक हात वाईट हेतूचा नसतो, हेही ध्यानात ठेवले. काही हात केवळ भ्यालेले असतात.

मिस्त्रीला हे माझ्याआधी कळले असावे. त्याने न सांगता त्या पिकअपमध्ये मधल्या जागेसमोर लोखंडी पाइपची आडवी दांडी बसवून दिली. तिचा गाडीच्या कोणत्याही भागाशी संबंध नव्हता. अण्णा ती दोन्ही हातांनी धरून बसत, वेग वाढला की मागे ओढत, आणि गाडी आता बराबर कह्यात राहते, असे गावभर सांगत.

बदली झाल्यावर निरोप घ्यायला गॅरेजवर गेलो, तेव्हा मी कुतूहलाने विचारले, “त्या पिकअपचे लायनर या वेळी किती टिकले?”

“अजून तेच हायेत, साहेब,” मिस्त्री चष्मा पुसत म्हणाला. “दांडी मातर दोनदा उखडली.”