बंद टॉवरखाली आलेला फोन

त्या दिवशी नक्की काय घडलं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी मोबाइल टॉवरवरच्या रेडिओ यंत्रांची तपासणी आणि देखभाल करते. जे मोजता येतं तेवढंच मानायची सवय झालेली. आमचं घराणं तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं, आता कुंभकोणमचं. माझे वडील, अप्पा, रोज कुलदेवीपुढे बसून तिच्याशी घरच्या जुन्या मराठीत बोलतात. त्यांना विस्मरण होऊ लागलं तेव्हापासून ते बोलणं ऐकून मी गोंधळून जायचे. ऐकणारी कोणी असेल, तर ती यांचं असं का होऊ देते?

त्या सकाळी अप्पांना शेजारच्या कमला मामींकडे सोपवून मी नाचियारकोविलच्या बाजूला, भातशेतीतल्या एका टॉवरवर गेले. तिथल्या लोकांचे फोन बोलताबोलता तुटत होते. यंत्रातून अँटेनाकडे पाठवलेली शक्ती उलटी परतत होती. वर कुठल्या तरी जोडणीत पाणी शिरलं असणार. माझा सहकारी सेल्वम वर चढणार म्हणून नियमाप्रमाणे मी सगळं प्रसारण बंद केलं. माझ्या फोनवरच्या सिग्नलच्या रेघाही गेल्या. सेल्वम वर जोडणी सोडवत होता, आणि माझा फोन वाजला.

"बाई, तुझे अप्पा एथें स्वामीमलैच्या देवळापाशीं बसलेत. भिऊं नकोस. सावकाश ये."

म्हाताऱ्या बाईचा आवाज, आणि बोली थेट आमच्या घरातली. "कोण बोलतंय?" विचारेपर्यंत फोन बंद झाला. पडद्यावर एकही रेघ नव्हती.

"सेल्वम, वर काही चालू झालं का?" मी तमिळमध्ये ओरडले.

"नाही अम्मा! तुम्हीच तर बंद केलंत!"

मला भास झाला असावा. अप्पा तर मामींकडे होते. मामींना फोन लावला, तो लागेना. लागणार तरी कसा? हातातलं काम अर्धवट टाकून एका आवाजामागे धावायचं का, हेच कळेना. शेवटी सेल्वमला खाली उतरवलं, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जा अम्मा. मी थांबतो इथे."

स्कूटरवरून कुंभकोणमच्या रस्त्याला लागले आणि फोन पुन्हा वाजला. मामी रडत होत्या. "अगं, केव्हाची फोन करतेय, लागतच नव्हता! अप्पा दार उघडून कुठे गेले कळत नाही."

अप्पा स्वामीमलैच्या पायऱ्यांजवळ एका फुलवालीशेजारी केळं खात बसले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. फुलवाली म्हणाली, "एका म्हातारीनं माझा फोन मागितला. यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. तुमच्या भाषेत काहीतरी बोलली. केळंही तिनंच दिलं. आत्ता इथेच होती." ती चिठ्ठी मीच ठेवली होती, त्यात नवल नव्हतं. मी देवळात पाहिलं, बसच्या थांब्यावर पाहिलं. कोणी दिसलं नाही.

"अप्पा, तुमच्याबरोबर कोण होतं?"

"आई."

माझी आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. देवीलाही ते आईच म्हणतात. "कोणती आई, अप्पा?"

"आई कितीक असतात गे?"

अप्पांना घरी पोहोचवून मी टॉवरवर परतले. जोडणी बदलल्यावर मी पुन्हा त्याच जागी प्रसारण बंद करून फोन धरून उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग दूरच्या कुठल्याशा टॉवरची पुसट रेघ क्षणभर उमटली आणि गेली. तशाच एखाद्या क्षणी तो फोन आला असेल. असेलही. मग मामींचा एकदाही का आला नाही? आमच्या मराठी घरांतूनही विचारून पाहिलं. त्या दिवशी स्वामीमलैला गेलेली अशी कोणी बाई सापडली नाही.

आता मी शोध थांबवला आहे. गोंधळ मिटलेला नाही, फक्त त्याच्याशी भांडण उरलं नाही. अप्पांना सदासर्वकाळ मी धरून ठेवू शकत नाही, आणि माझा हात सुटला तेव्हाही ते एकटे नव्हते, एवढं मला पुरतं. जिनं कोणी त्यांच्याजवळ बसून त्यांना केळं दिलं, त्या माउलीचे उपकार कसे फेडावेत ते मला ठाऊक नाही. कामाला निघताना मी मामींना चार गोष्टी बजावते, दाराची कडी नीट लागते का बघते, आणि उरलेलं सगळं तिच्यावर सोपवून निघते. ती कोण, हे न कळताच.