पाच उंबऱ्यांचा जोगवा

तुळजापूरच्या आईवर माझा विश्वास होता, पण ती ऐकते की नाही याची त्या साली मला खरोखर शंका आली होती. माझ्या थोरल्या मुलाला, नागूला, चौदावं लागलं होतं. आम्ही उमरग्याचे, पेठेत ह्यांचं किराणा दुकान. निजामाचं राज्य, त्यामुळं शाळेत सगळं उर्दूतून. घरात मराठी, शेजारी कानडी, आणि वर्गात उभं राहून उर्दूचा सबक वाचायचा. दसऱ्यानंतर एक दिवस वाचता वाचता नागूचा घसा बंद झाला, शब्द फुटेना, आणि पोरं हसली. झालं एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून शाळेची वेळ झाली की त्याचं पोट दुखायला लागायचं.

मी ओवा दिला, बेंबीला हिंग लावला, मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. "भ्यायला काय झालं? शाळंत काय वाघ हाय का?" असं दिवसातून दहादा म्हटलं. ह्यांनी एकदा त्याला दंडाला धरून भर पेठेतून नेलं, तर तो शाळेच्या दारातच ओकला. परत आल्यावर हे म्हणाले, "होळीपतूर बघतो. न्हाय गेला तर शाळा बंद, दुकानात बसवतो." चुलीपाशी धाकट्या बहिणीला वाचून दाखवताना त्याच नागूचा आवाज कसा खणखणीत निघायचा. त्याची शाळा सुटणार या विचारानं मला घास गोड लागेना.

देव पाण्यात घालून बसले होतेच, शेवटी नवसही बोलले, "आई, ह्याच्याकडून पाच घरचा जोगवा मागवते, पण ह्याची भीती तू घे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. जोगवा म्हणजे परडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि आईच्या नावानं मोठ्यानं पुकारा करायचा. ज्या पोराचं तोंड वर्गात उघडत नव्हतं, त्याच्यावर मी हे लादलं होतं. सांगितलं तसा तो पांढराफटक पडला. देवीला दिलेला शब्द मोडावा की पोराला मोडावं, मला कळेना. सुटका करायला गेले आणि नवा फास घालून बसले.

त्याच आठवड्यात मंगळवारी आईचा जोगवा मागत एक म्हातारी आराधीण आमच्या दारी आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. ओळखीची नव्हती. मी पाणी दिलं आणि काय वाटलं कोण जाणे, तिच्यापाशी सगळं बोलून रडले. तिनं शांतपणे पाणी संपवलं आणि विचारलं, "नवस कुनाच्या तोंडून निगाला?"

"माझ्या."

"मग परडी कुनी धरायची? तू माग. पोरगं नुसतं संगं चालंल. आन् एका दिसात पाच घरं नगं. येका मंगळवारी येकच उंबरा. ज्या रस्त्यानं शाळंला जातो, त्याच रस्त्याचा."

आपल्याकडची जुनी परडी तिनं मला दिली आणि गेली.

पहिला उंबरा आमच्यापासून तिसऱ्या घराचा. रोजचं येणंजाणं असलेलं घर. पण दुकानदाराच्या घरची सून मी, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, मागायला कधी कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते. परडी धरली आणि माझाच घसा बंद झाला. घरी पळावंसं वाटलं. मागं नागू उभा होता. त्यानं हळूच माझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाला, "आई, घाई करू नगंस. आदी येक आवंढा गिळ. मग म्हन."

तीन महिने मी त्याला भ्यायला काय झालं म्हणून टोचत होते. आणि त्यानं मला एकदाही तसं विचारलं नाही. आवंढा गिळला, पुकारा केला. परडीत ज्वारी पडली. घरी येऊन मी त्याला जवळ घेतलं आणि चुकले म्हणाले.

दुसऱ्या मंगळवारी आम्ही थोडं पुढं गेलो, तिसऱ्या मंगळवारी अजून पुढं. चौथ्या दारात नागूनंही माझ्या आवाजात आवाज मिसळला. पाचवं घर शाळेसमोरचं, नेमकं उर्दूच्या मास्तरांचं. मी म्हटलं, इथं कशाला, त्यांच्यात जोगवा नसतो. नागू म्हणाला, "रस्ता तर इथंच येतो की." आणि पुकारा त्यानंच केला. दारावरच्या बांबूच्या पडद्याआडून एक बांगड्यांचा हात आला, मूठभर ज्वारी घालून गेला. मागोमाग मास्तर बाहेर आले. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं.

"क्यूं रे, बीमार था?"

नागूनं आवंढा गिळला. "खडे होके पढने को डर लगता, साब."

मास्तरांनी शाळेकडं बोट केलं. "तो बैठ के पढ. मेरे बाजू में."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. होळीला अजून आठ दिवस होते.

भीती काही एका दिवसात गेली नाही. पोट दुखायचंच. मी त्याला चौथ्या उंबऱ्यापर्यंत पोचवायची, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या. पुढच्या साली ती आराधीण पुन्हा दिसली. मी पाया पडून सगळं सांगितलं, तर तिला आठवेचना. "म्या असं म्हनले व्हय? आई बोलली आसंल," म्हणाली आणि परडी मागून घेऊन गेली. मी त्यावर वाद घातला नाही. नवस बोलताना मी पोराला पुढं ढकललं होतं, आईनं मला त्याच्या शेजारी आणून उभं केलं. माझं गाऱ्हाणं तिनं ऐकलं होतं, आणि पोराचंही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी नागू आमच्याच उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "तू ऱ्हा इथंच. म्या जातो." पेठेत पोरांचा घोळका दिसत होता. मी आईचं नाव घेतलं, एक आवंढा गिळला आणि म्हटलं, "जा."