मंगळावरच्या लोकांचा देव

मास्तर जाऊन कैक वर्षं झाली, पण मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

गोष्ट तेहतीस-चौतीस सालची. रेवसच्या खाडीकडेला आमचं मिठागर होतं. घरची रीत अशी, की हंगामातलं पहिलं मीठ ओढलं की त्यातली पहिली पाटी विकायची नाही. बांधावर शेंदूर फासलेला एक धोंडा होता, तो आमचा देव. बाप ती पाटी त्याच्यापुढे ठेवायचा, नारळ फोडायचा आणि सगळं मीठ परत खाडीत सोडायचा. "पान्याचं पान्याला," म्हणायचा.

मी सातवी पास होऊन धक्क्यावर बोटीची तिकिटं द्यायला लागलेलो. चार बुकं वाचलेली, त्यामुळे मला या प्रकाराची थोडी लाजच वाटायची. तरी मास्तरांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून बसलो. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि गावच्या वाचनालयाचे चिटणीस. एवढा मोठा माणूस मला खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा आणि मिठागराबद्दल खोदून खोदून विचारायचा. मी फुशारलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, दुसरं काय!

त्या दिवसांत मंगळावर कालवे आहेत, तिथे कुणीतरी राहतं, असं मासिकांतून छापून यायचं. मास्तरांनी त्यावर गोष्ट लिहिली. रविवारी दुपारी वाचनालयात ती वाचायचं ठरलं. मी मोठ्या हौसेनं बापाला धुतलेली पैरण घालायला लावली आणि घेऊन गेलो. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

गोष्टीत पृथ्वीवरचा एक विद्वान मंगळावर उतरतो. तिथले प्राणी काळेकुट्ट, अंगावर मिठाचे पापुद्रे, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांच्या आभाळात दोन चंद्र. त्यातला एक उलट्या दिशेनं पळतो, म्हणून हे लोक समजतात की तो वाट चुकलाय, आणि रोज सगळे मिळून त्याला हाका मारून घरी बोलावतात. कालव्याच्या पाण्यावर आलेलं पहिलं पीक ते एका दगडाला दाखवतात आणि पुन्हा कालव्यात टाकून देतात. विद्वान कपाळावर हात मारून घेतो. सगळं माझ्याच तोंडून गेलेलं होतं.

बापाला मंगळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, थळ गावाच्या पलीकडचं कुठलं तरी मिठागराचं गाव असेल. आपल्या रीतीची माणसं आणखी कुठं तरी आहेत म्हणून त्याचा चेहरा फुलला. तो उभा राहिला आणि भर सभेत बोलला, "बराबर करतात ती मानसं! पयलं पान्याचंच असतं. कंच्या गावची हायत?"

मास्तरांनी चष्मा काढला. "पाहा मंडळी," ते म्हणाले, "मी गोष्ट संपवतोय तोवर मंगळावरचा इसम इथे हजर!"

लोक असे हसले की विचारू नका. बापही जरासा हसला, सगळे हसतायत म्हणून. मग त्याला कळलं. तो खाली बसला आणि गोष्ट संपेपर्यंत पैरणीची गुंडी चाचपत राहिला.

पुढे बाजारात, धक्क्यावर, जिथे जाईल तिथे त्याला लोक विचारायचे, "काय मंगळवाले, चंद्र आला का घरी?" त्या हंगामात पहिली पाटी बापानं सरळ व्यापाऱ्याच्या गलबतात चढवली. नारळ नाही, काही नाही. आई रडली. "एवढी शिकलेली मानसं हसली," तो म्हणाला, "म्हंजे आपलंच कायतरी चुकत असंल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचा देव माझ्यामुळे गेला होता. मास्तरांना त्याच सभेत, त्याच खुर्चीत नागवं करायचं आणि बापाला त्याचा देव परत द्यायचा, एवढंच डोक्यात घेतलं. सहा महिने खपून मी त्या गोष्टीचा पुढचा भाग लिहिला.

वाचनालयात कुणाही सभासदाला वाचायची मुभा होती, तेव्हा एका रविवारी मीही वाचायला उभा राहिलो. माझ्या भागात मंगळावरचे लोक त्या विद्वानाचा धर्म तपासायला बसतात. आता मास्तरांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक. निघताना कुणी शिंकलं की ते परत येऊन बसायचे. बोट सुटायची भरतीवर, ही स्वारी निघायची शिंकेवर. बोट हुकल्यावर धक्क्यावर छत्री धरून हात हलवत राहिलेले मी त्यांना तिकिटाच्या खिडकीतून तीनदा पाहिलेले. तर मंगळवाले ठरवतात, की या बिचाऱ्याचा देव नाकात राहतो, आणि तोही दुसऱ्याच्या! तो बोलला की हा बसतो. एका म्हातारीला त्याची इतकी दया येते, की ती रोज स्वतःच्या नाकाला फूल वाहते.

लोक पोट धरधरून हसत होते. मास्तर लालबुंद झाले. छत्री उचलून तरातरा निघाले. त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि मी चिमटीतली तपकीर ओढून सणसणीत शिंकलो.

मास्तर थबकले. मागे फिरले. आणि खुर्चीत येऊन बसले!

बसल्यावर त्यांना उमगलं. तो चेहरा मी आजही मिटक्या मारत आठवतो. आठवड्यात त्यांनी चिटणीसपद सोडलं. बरं झालं. माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

मी त्या दिवशी पळतच मिठागरावर गेलो. बाप बांध लिंपत होता. मी सगळं नक्कल करून दाखवलं, शिंकसुद्धा. तो आता हसेल, मग हसेल, म्हणून बघत राहिलो. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातातला चिखल न टाकता.

"त्याचा देव चार मानसांत हसन्यावारी नेलास," तो म्हणाला. "बरं केलंस. आता माझा मला आनून दे."

आणि खरंच वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला.