पोचपावतीवरचा अंगठा

डी.एड.च्या कर्जावर लावलेलं दंडव्याज परत मागायला मी बँकेत तिसऱ्यांदा गेले, तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. नोटिसा पाठवल्या होत्या म्हणे! कुठे? तर पालमकडच्या आमच्या गावी, नामांतराच्या दंगलीत जळालेल्या घराच्या पत्त्यावर. आम्ही तेव्हापासून परभणीत. आईने सगळ्यांना शपथच घातली होती, त्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही. नवा पत्ता कळवायचं राहिलं. घर जळालेल्या माणसाला काय काय सुचावं? नोटीस मिळालीच नाही, मग दंड कसला, एवढंच माझं म्हणणं होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब. पण या खेपेचा कारकून भला निघाला. त्याने फाईलची नाडी सोडली. तीन लिफाफे परत आलेले होते, प्रत्येकावर पोस्टमनचा शेरा : ‘घर जळाले. माणसे नाहीत.’ आम्ही इकडे जेवत होतो, झोपत होतो, आणि तिकडे आमच्या राखेवर टपाल येत होतं.

“झालं तुमचं काम,” म्हणत त्याने पान उलटलं आणि थांबला. चौथ्या नोटिशीची पोचपावती. तिच्यावर अंगठा, मधोमध विळ्याची आडवी चीर. लहानपणी त्या चिरेवरून मी बोट फिरवायची.

“ह्यो कोनाचा हाय, बाई?” मग हळूच म्हणाला, “ठाऊक न्हाई म्हना. तसं लिहून धाडतो, पैशे भेटतेत.”

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. येलदरीला आत्याकडे जातो म्हणून ते दर महिन्याला एसटीने निघायचे. आत्या मयतीला आली तेव्हा रडत म्हणाली, “भाऊ लय दिस फिरकला न्हाई माझ्याकडं.” आम्हाला वाटलं, दुःखात काहीबाही बोलायलीय.

ते राखेत जाऊन बसत होते. पोस्टमनला तिथेच सापडले असणार. वाचता येत नव्हतं, आणि मला कागद दाखवावा तर कुठे मिळाला ते सांगावं लागलं असतं.

“माझ्या बापाचा,” मी म्हणाले.

“मग पैशे गेले, बाई.”

“गेले तर गेले.”

घरी आई वाटच बघत होती. “भेटले का?”

“नाही. नोटीस मिळाली होती म्हणतात.”

आई उसळली. “कोन घेतली? त्या घरी कोन हाय आता?”

मी चपला काढत दारातच उभी राहिले.