भट्टीतली वाळू

फुटाण्यांचा वास आला की मला कुंभिवलीची ती दुपार आठवते. कारखान्यातून सुटून मी रिक्षाची वाट बघत होते, तेवढ्यात आमच्याच कारखान्याच्या टेंपोतून ॲसिडचा एक ड्रम रस्त्यावर पडून फुटला आणि पांढरा धूर घशात जाऊन बसला. समोरचा हॉटेलवाला गाड्या धुवायचा पाइप घेऊन धावला. मी त्याच्या आडवी उभी राहिले. "बाजूला हो गं, पानी मारतो." "याला पाणी लागलं तर उकळून अंगावर उडेल," मी म्हटलं. "तुला काय समजतं?" "हे ड्रम रोज मीच भरते. कोरडी वाळू आणा." कोणी बांधकामावरची पाटी भरून आणली, पण ती वाळू ओली होती, मी ती पाटी माघारी पाठवली. तेव्हा फुटाणे भाजणाऱ्या चाचांनी आपल्या थंड भट्टीकडे बोट दाखवलं. तिच्यातली वाळू वर्षानुवर्षं तापून काळी, ठणठणीत कोरडी झाली होती. "परत भाजायला चालेल का गं?" "नाही, चाचा." त्यांनी क्षणभर वाळूकडे पाहिलं. "मग सगली ने." तोंडाला ओढणी बांधून, वारा पाठीशी घेऊन मी ती ॲसिडभोवती लांबूनच बांधासारखी ओतली. बंब येईपर्यंत एक थेंब गटारात गेला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे सरकवला: ड्रम आपला आहे हे चारचौघांत सांगितल्याबद्दल माफी लिहून दे. मी त्यावर लिहिलं, कारखान्याने चाचांना दोन पोती नवी वाळू द्यावी, आणि खाली सही केली. वाळू शेवटी मीच नेऊन दिली. माफी अजून मागितलेली नाही.