गोड आवाजाला राग म्हणणारी

निवृत्त झाल्यावर मी काय काय करणार होते! गच्चीवर कुंड्या, भजनी मंडळ, दुपारची झोप. केलं काय, तर मानपाड्याच्या एका ऑफिसात जाऊन कम्प्युटरला माणसांचा राग ओळखायला शिकवू लागले. तीस वर्षं पोरांना शिकवून हौस फिटली नव्हती, दुसरं काय!

काम ऐकायला सोपं. हेडफोन लावायचा, कुणाचा तरी फोनवरचा आवाज ऐकायचा आणि चारांपैकी एक बटण दाबायचं: राग, आनंद, दुःख, शांत. अशी हजारो उत्तरं दिली की म्हणे पुढे फोनवर बोलणाऱ्याचा मूड मशीनला आपोआप कळणार, आणि चिडलेलं गिऱ्हाईक आलं की ते त्याला लगेच खऱ्या माणसाच्या गळ्यात मारणार. मशीन झालं तरी चिडक्या माणसाशी बोलायला नकोच म्हणतं, हे मला फार आवडलं.

प्रत्येक आवाज तिघं ऐकायचे. दोघांचं जुळलं की ते उत्तर बरोबर आणि तिसऱ्याला लाल खूण. महिन्यात वीस लाल खुणा झाल्या की काम बंद. मी वयानं सगळ्यांत मोठी, त्यात मराठीची शिक्षिका, म्हणून मला तपासायला बसवलेलं. लाल रंगाची मला सवय होतीच.

माझ्या शेजारी कळव्याची एक कोळीण बसायची. चाळिशीची असेल. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी बारावीला, घर हिच्या पगारावर चाललेलं. आणि लाल खुणा सगळ्यांत जास्त हिच्याच. मला कळेचना, एवढी हुशार बाई, हिला साधा राग ओळखता येऊ नये?

एकदा एक आवाज आला. कुणीतरी बाई अशी तारस्वरात ओरडत होती की मी हेडफोनच काढून ठेवला. दोघांनी ‘राग’ दाबलेलं. हिनं ‘आनंद’.

“अहो, कान तपासून घ्या एकदा,” मी म्हटलं. “ती बाई कडाकडा भांडतेय कुणाशी तरी.”

“भांडत नाय मॅडम. माझी आई हाय ती. ताजं बोंबील आणलेत, जेवाला ये सांगते मला.”

साहेबांनी आम्हा सगळ्यांना घरच्या फोनमधला आपापल्या बाजूचा आवाज द्यायला सांगितलं होतं. हिनं स्वतःचा दिलेला आणि आईला विचारून आईचाही दिलेला.

“हे जेवायला बोलावणं? मला वाटलं आता पोलीस येतात.”

ती खो खो हसली. “मग तुमच्या डोंबिवलीत कसं बोलवतात? चिठ्ठी पाठवतात?”

मीही हसले. पण लाल खूण काही पुसली नाही. दोघांचं जुळलेलं, आणि नियम म्हणजे नियम. मी तशी फार शिस्तीची बाई.

महिनाअखेरीला तिच्या लाल खुणा बरोबर वीस झाल्या. साहेब म्हणाले, “मॅडम, ते वीस आवाज एकदा ऐका आणि सही करा. सोमवारपासून त्यांना नको बोलवायला.” साहेब माझ्या मुलाच्या वयाचा, तोही बिचारा नाइलाजानंच बोलत होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बाजूला ती खाली मान घालून मुकाट काम करत होती. तिला कळलेलं होतं.

आवाज ऐकायला घेतले. चार-पाच झाले आणि मग कानात मीच बोलायला लागले.

“नाही जमत ना? असू दे रे, असू दे. छान! तुम्ही मस्त आराम करा. पुरणपोळ्यांचं काय, शेजारी देईन मी. आम्ही अगदी मजेत आहोत. ठेवू?”

मुलगा घोडबंदरला राहतो. डोंबिवलीहून घोडबंदर म्हणजे काय अमेरिका आहे? पण सलग चौथ्या रविवारी त्याला जमणार नव्हतं. फोन ठेवल्यावर मी पुरणाचं पातेलं ओट्यावर असं आपटलं होतं की त्याला पोचा आला. आणि या आवाजाला दोघांनी ‘आनंद’ दिलेला. दोघंही आमच्याच डोंबिवलीतले. हिनं ‘राग’ दिला, म्हणून तिला लाल खूण.

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. “हा आवाज माझा, हे ओळखलंत तुम्ही?”

“मग काय! रोज ऐकते ना.”

“यात राग कुठे दिसला तुम्हाला? किती गोड बोलतेय मी.”

“गोड बोलता म्हणूनच. माझ्यावर चिडता तवा पण असंच बोलता. ‘सावकाश करा हो, काही घाई नाही’ म्हणालात का मी जेवण टाकून कामाला बसते.”

मेलं, इतकं दिसतं का ते! मला तोंड कुठे लपवू असं झालं.

तशीच उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, “या बाईंचं उत्तर बरोबर आहे. सही करणार नाही मी.”

“पण मॅडम, दोघांनी आनंद दिलाय. मेजॉरिटी…”

“मेजॉरिटीला काय विचारता? चिडलेली बाई तुमच्यासमोर उभी आहे ना!”

सगळं ऑफिस माना वळवून बघायला लागलं. साहेब दोन पावलं मागे सरकला. शेवटी ठरलं, ज्यांचे आवाज आहेत त्यांनाच विचारून तिच्या विसाच्या वीस खुणा पुन्हा तपासायच्या, आणि तोवर तिनं कामावर यायचं. तिच्या आईच्या आवाजाची लाल खूण मी तिथेच उभ्या उभ्या पुसायला लावली.

जागेवर येऊन बसले. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाली, “साहेबाला वरडलात तसं त्या पोराला पण एकदा वरडा.”

मी जिन्यात गेले आणि मुलाला फोन लावला. “अरे गाढवा, चार रविवार झाले! आई जिवंत आहे की मेली, बघायला तरी येशील की नाही? मला राग आलाय, कळतंय का? तुझी आठवण येते रे मला!” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यावर अशी ओरडले असेन. खालचा वॉचमन वर बघायला लागला.

 

“आई,” मुलगा म्हणाला, “मला वाटायचं, तुला खरंच चालतंय. दर वेळी किती खूश वाटायचीस तू.”