कांद्याची चार स्पेलिंगं

नाशिकच्या आमच्या ऑफिसात एखादं टेबल सापडेनासं झालं की आम्ही स्क्रीनकडे नाही, ताईंकडे बघायचो. टेबल म्हणजे डेटाबेसमधलं, माहिती भरून ठेवायचं. कांदा-द्राक्षाच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो आणि अशी टेबलं शेकड्यांनी होती. ज्या टूलमध्ये ती बनवायचो ते आमचंच, घरगुती. त्याच्या डाव्या बाजूला सगळ्या टेबलांची एकच लांबलचक यादी. खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं.

त्यात नावं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आणि ज्याला जसं सुचलं तशी. एका कांद्याची चार स्पेलिंगं. निफाडच्या कामावर असलेल्या एका पठ्ठ्याने तर द्राक्षात एक्स घातला होता. शोधणार कसं? मग खुर्चीतूनच हाक जायची, "ताई, कांदा आवक?" आणि ताई मान वर न करता सांगायच्या, "आधी दोन ए, शेवटी एकच. चांदवडचं हवं असेल तर के नाही, सी बघ."

ताई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. नवं शिकणं आपण केव्हाच सोडलं, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. घरी एकट्या. "इथं दिवसभर कुणीतरी हाक मारतं गं," असं एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या.

मग टूल सुधारायचं काम माझ्याकडे आलं आणि मला भारी हुशारी सुचली. यादीच्या वर शोधायची चौकट द्यायची. स्पेलिंग कसंही टाका, बरोबर टेबल उघडलं पाहिजे. त्यासाठी सगळी स्पेलिंगं एका जागी हवीत, आणि ती होती ताईंच्या डोक्यात. आठवडाभर मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. "हे पण घे गं, नाहीतर पोरं अडतील," म्हणत त्यांनी एकेक आठवून दिलं. काहीच हातचं राखलं नाही. तेव्हा मला काहीही खटकलं नाही, याबद्दल आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौकट झकास चालली. साहेबांनी पेढे आणले, पहिला पेढा ताईंनी मला भरवला. दोनेक आठवड्यांत हाका बंद झाल्या. ताई मात्र अधूनमधून मान वर करून बघायच्या, कुणी बोलावलं का म्हणून. त्यांच्याकडे आता काम काय उरलंय, असं साहेबांनी मलाच विचारलं. मी गप्प बसले. महिनाअखेरीस ताईंना निरोप दिला गेला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून "छान केलंस हं" म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसवत नाही.

परवा त्यांना फोन केला, सहजच, तब्येत विचारायला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गं, कोणतं सापडत नाहीये?" आवाजात केवढी उमेद!

"नाही ताई, सगळं सापडतंय," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "हो का? बरं झालं बाई."

एखादं टेबल हरवलंय म्हणून खोटंच सांगितलं असतं, तर माझं काय जाणार होतं?